शेळ्यांच्या जाती आणि त्या कशासाठी पाळतात: खानदेशातल्या पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या शेळीपालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त विचारला जातो तो एकच: "चांगली जात कोणती?" बकरी कशासाठी पाळायची, तिला वर्षभर खायला काय मिळणार आणि माल विकायचा कुठं, या तीन गोष्टी आधी ठरल्या की जात जवळजवळ आपोआप ठरते. म्हणून खालच्या उत्तरांत जातीइतकंच चाऱ्याबद्दल आणि बाजाराबद्दलही लिहिलं आहे.

आमच्या गावातल्या बकऱ्या कोणत्या जातीच्या?

बहुतेक कोणत्याच एका जातीच्या नाहीत. ठरावीक भागात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या, दिसण्यात आणि गुणांत सारख्या असलेल्या आणि तेच गुण पिल्लांत उतरवणाऱ्या जनावरांनाच जात म्हणतात. अशा जातींची नोंदणी हरियाणातल्या कर्नाल इथं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४.८९ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याला आपण नुसतं 'गावरान' म्हणतो.

गावरान म्हणजे कमी प्रतीची, हा समज मनातून काढून टाका. ज्या बकरीनं तुमच्याच गोठ्यात तीन वेतं जुळी दिली, पिल्लं जगवली आणि उन्हाळाही काढला, तिच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते विकत आणलेल्या कोणत्याही बकरीबद्दल माहीत नसतं. एक वही करा. कोणती बकरी कधी व्याली, किती करडं झाली, किती जगली, तीन महिन्यांना त्यांचं वजन किती भरलं, एवढं लिहा. दोन वर्षांत कळपातल्या कोणत्या बकऱ्या ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, हे वही सांगते.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या जाती कोणत्या?

नोंदलेल्या चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. उस्मानाबादी धाराशिव, लातूर, सोलापूर पट्ट्यातली. संगमनेरी संगमनेर, नाशिक, पुणे भागातली, मांस आणि दूध दोन्हीसाठी. बेरारी विदर्भातली, अकोला-अमरावतीकडची, त्यामुळे बोदवड-मुक्ताईनगरच्या लोकांना ती अनोळखी नाही. कोकण कन्याळ सिंधुदुर्गातली, मांसासाठीची, भरपूर पावसाच्या प्रदेशात टिकणारी. ती आपल्याकडे आणण्याचं काही कारण नाही.

यात सुरतीचं नाव नाही, कारण तिची नोंद गुजरातच्या नावावर आहे. पण सुरतीला खानदेशी आणि निमारी अशीही नावं आहेत. नवापूर-नंदुरबारकडून सुरत भागाशी होणारी ये-जा पाहिली तर त्यात नवल वाटणार नाही.

मग खानदेशात कोणती घ्यावी?

खानदेश एकसारखा नाही, म्हणून उत्तरही तीन तऱ्हेचं आहे.

पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, धुळे, साक्री या कोरडवाहू पट्ट्यात बकरीला रोज चालावं लागतं. बांध, पडीक, नाल्याचा काठ, काढणी झालेलं रान, असं फिरून ती पोट भरते. इथं उस्मानाबादी चांगली चालते. उन्हाला आणि चालण्याला ती सरावलेली असते, जुळी देण्याचं प्रमाण चांगलं असतं, आणि बोकडाला खाटकाकडे व बाजारात कायम मागणी असते. सगळ्या बकऱ्या एकदम विकत आणायची गरज नाही. गावरान बकऱ्यांतल्या निवडक ठेवून त्यांच्यावर जातिवंत उस्मानाबादी बोकड सोडला तरी दोन पिढ्यांत कळपाचं रूप बदलतं, आणि पैसा फक्त एका बोकडाचा जातो.

रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या बागायती भागात चरायला मोकळी जागाच उरलेली नाही. केळीच्या बागेत बकरी शिरली की भांडण ठरलेलं. इथं बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पद्धतच करावी लागते आणि तिथं सुरती शोभते. तिला लांब चालणं जमत नाही, दावणीला मात्र ती छान राहते. घरच्या दुधाची सोय होते, पिल्लं विकता येतात आणि लेंडीखताला केळीवाले शेतकरी स्वतःहून विचारायला येतात.

तिसरा भाग सातपुड्याचा: धडगाव, अक्कलकुवा आणि चोपडा-यावल-रावेरच्या उत्तरेकडची पाडं. इथली बकरी अंगानं लहान, पण चढउतार, थंडी आणि उन्हाळ्यातली उपासमार सोसणारी असते. बाहेरची थोराड बकरी इथं आणली तर पहिल्याच पावसाळ्यात खुरं सडतात, न्यूमोनिया होतो आणि पाळणाऱ्याचं वर्षभराचं भांडवल जातं. या भागात जात बदलण्यापेक्षा लस वेळेवर मिळणं, जंताचं औषध आणि दर दोन वर्षांनी बोकड बदलणं, यांचा फायदा कितीतरी मोठा आहे. योजनांमधून बाहेरच्या बकऱ्या वाटण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

सुरती ओळखायची कशी?

अंग पांढरं, केस आखूड आणि चमकदार, कान मध्यम लांबीचे व खाली पडलेले, बांधा मध्यम. पण रंगावर जाऊ नका, कासेकडे बघा. कास पोटाला घट्ट बिलगलेली, दोन्ही बाजूंनी सारखी, सड मोठे आणि शंकूसारखे निमुळते असावेत. दूध काढायच्या आधी कास भरलेली दिसते, काढल्यावर ती रिकाम्या पिशवीसारखी सैल पडली पाहिजे. काढल्यानंतरही कास टणकच राहत असेल तर ते दूध नाही, मांस आहे, किंवा जुना कासदाह आहे. दोन्ही सडांतून पहिली धार तळहातावर घ्या. गाठी किंवा पाणीदार दूध आलं तर बकरी सोडून द्या. चांगली सुरती दिवसाला दीड ते दोन लिटरपर्यंत जाते, पण सरसकट सगळ्या तेवढं देत नाहीत. विकणारा सांगेल त्यावर न जाता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा समोर काढून मोजा.

उस्मानाबादी काळीच असते ना?

बहुतेक काळ्या असतात. काहींच्या कानांवर किंवा अंगावर पांढरे ठिपके असतात, काही तपकिरीही निघतात. उलट बाजूनं, प्रत्येक काळी बकरी उस्मानाबादी नसते, आणि बाजारात हीच फसवणूक सर्वात जास्त होते. पाय उंच, अंग लांबट, पूर्ण वाढलेली मादी साधारण ३० ते ३५ किलोची, आणि महत्त्वाचं म्हणजे आईची माहिती. शक्य असेल तर व्यापाऱ्याकडून घेण्यापेक्षा पाळणाऱ्याच्या गोठ्यात जाऊन घ्या. तिथं आई आणि बहिणी समोर दिसतात.

दुधाची अपेक्षा मात्र माफक ठेवा: दिवसाला अर्धा ते दीड लिटर, तेही करडांचं पोट भरून.

फक्त दुधासाठी पाळायची असेल तर?

आधी गिऱ्हाईक शोधा. बकरीच्या दुधाला आपल्याकडे डेअरीचं नियमित संकलन सहसा नसतं, घरोघर विकावं लागतं. ते गिऱ्हाईक असेल तर पहिली पसंती सुरतीलाच.

जमनापारी उत्तर प्रदेशातल्या इटावा भागातली, यमुना-चंबळच्या दऱ्यांतली. उंच, नाक पोपटासारखं बाकदार, कान लांब लोंबते, मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके. देखणी आहे यात वाद नाही. पण तिला झाडपाला खायची सवय, खाणं जास्त आणि बहुधा एकच करडू. बीटल पंजाबातली, गुरदासपूर-अमृतसरकडची, जमनापारीसारखीच पण जरा लहान, काळी किंवा तपकिरी. दुधाला चांगली. मात्र तिला खुराक द्यावाच लागतो. स्वित्झर्लंडची सानेन दुधाच्या बाबतीत जगात पुढं, पण भुसावळ-जळगावचा मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा तिच्यासाठी नाही.

बोअर बोकडाचे व्हिडिओ पाहिले. शंभर किलोचा होतो म्हणे. खरं का?

खरं आहे. बोअर ही दक्षिण आफ्रिकेत खास मांसासाठी तयार केलेली जात आहे: अंग पांढरं, डोकं तांबूस-तपकिरी, छाती रुंद. चांगला वाढवलेला नर शंभर किलोच्या पुढेही जातो. महाराष्ट्रात ही जात आणून तिच्यावर काम करण्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

पण ते वजन खुराकानं येतं. मका, पेंड, डाळचुनी आणि हिरवा चारा रोज घालणाऱ्याच्या गोठ्यात बोअर बोअरसारखा दिसतो, नुसत्या बांधावरच्या चराईवर तो गावरान बोकडाच्याही मागं पडतो. शुद्ध बोअर घेऊन सुरुवात करण्यापेक्षा उस्मानाबादी माद्यांवर बोअर नर लावून झालेली पिल्लं मांसासाठी विकायची, हा मार्ग कमी जोखमीचा. त्या संकरित पिल्लांतून पुढं पैदाशीला माद्या ठेवत गेलात तर काही वर्षांत तुमच्या हातात ना धड उस्मानाबादी राहते ना बोअर. म्हणून मूळ माद्यांचा एक गट शुद्ध ठेवा.

बकरी ईदसाठी कोणते बोकड तयार करावेत?

इथं वजनाइतकंच रूप विकलं जातं. राजस्थानच्या सोजत भागातली पांढरी, गुलाबी कातडीची सोजत आणि सिरोहीची तपकिरी, डागाडागांची सिरोही या दोन जाती ईदच्या बाजारात उठून दिसतात. मालेगाव, धुळे, जळगाव इथलं मोठं गिऱ्हाईक जवळ असल्यानं खानदेशातल्या पाळणाऱ्याला वाहतुकीचा खर्च कमी येतो. सिरोही आपल्या हवेत सोजतपेक्षा लवकर रुळते. राजस्थानातली ती कोरड्या रानाचीच आहे.

कुर्बानीसाठी बोकड किमान एक वर्षाचा आणि निर्दोष लागतो. लंगडा, आंधळा, कान कापलेला, शिंग मुळापासून मोडलेलं चालत नाही. त्यामुळे शिंगं आणि पाय जपा, बोकड एकमेकांशी झुंजणार नाहीत असे वेगळे बांधा, आणि कानात बिल्ला मारताना कान फाटू देऊ नका. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. सध्या ती उन्हाळ्याच्या अखेरीस येते आहे, म्हणजे ऐन कडक उन्हात बोकडाचं वजन टिकवावं लागतं. त्याची तयारी हिवाळ्यातच सुरू झाली पाहिजे.

ईद सोडली तर आखाडात मागणी वाढते, श्रावणात पडते, दसऱ्यानंतर पुन्हा उचलते. जत्रा आणि नवसाचे बोकड वेगळे. श्रावणात पैशांची निकड येऊन माल काढावा लागू नये, असं वेतांचं वेळापत्रक बसवता येतं. बकरी साधारण १५० दिवस गाभण राहते, तेवढा हिशोब घरच्या घरी जमतो.

जागा अगदी थोडी आहे, परसात चार बकऱ्या ठेवायच्या आहेत.

बारबरी बघा. उत्तर प्रदेशातल्या एटा, आग्रा, मथुरा भागातली, लहान, कान ताठ उभे, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. दावणीला राहायला उत्तम, जुळी-तिळी देते. तिच्यावरचं संशोधन मथुरेजवळ मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत झालं आहे. अडचण एकच: लहान बोकडाला आपल्या बाजारात हेडी, म्हणजे बकऱ्यांचे व्यापारी, भाव पाडून मागतात. वजनावर विकलात तर तो प्रश्न राहत नाही.

ब्लॅक बेंगॉल, पश्मीना वगैरे?

ब्लॅक बेंगॉल पूर्व भारतातली, पंधरा-वीस किलोची, मऊ कातड्यासाठी आणि भरपूर पिल्लांसाठी नावाजलेली. पश्मीना देणारी चांगथांगी लडाखच्या थंडीतली. आपल्याकडे दोन्ही नकोत.

किती बकऱ्यांमागं किती बोकड? आणि बोकड कधी बदलायचा?

पंचवीस माद्यांमागं एक धडधाकट बोकड पुरतो. दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर (अजून न व्यालेल्या तरुण माद्यांवर) जातो आणि पिल्लं लहान, कमजोर, व्यंगाची होऊ लागतात. बोकड निवडताना तो स्वतः जुळ्यातला असावा आणि त्याच्या आईचं दूध चांगलं असावं. कळपाचं अर्धं रक्त त्या एकट्याचं असतं, तरी खेड्यात सगळ्यात कमी पैसे बोकडावरच खर्च होतात. ज्यांच्याकडे पाच-सात बकऱ्या आहेत अशा चार घरांनी मिळून एक चांगला बोकड घ्यावा.

पाट आठ-दहा महिन्यांची आणि निदान वीस किलोची झाल्याशिवाय भरवू नका, म्हणजे बोकडाकडे नेऊ नका. वय झालं पण वजन नसेल तर थांबा.

बाहेरच्या राज्यातून ट्रकनं माल आणायचा आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर नको. तीन दिवसांचा प्रवास, पाण्याची आबाळ, अनोळखी चारा आणि दहा ठिकाणांहून गोळा केलेली जनावरं एकाच गाडीत. त्यांतल्या एकीत पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्यानं पसरणारा साथीचा रोग) असला तर उतरल्यावर आठवड्याभरात सगळ्या खोकायला लागतात. आणायच्याच असतील तर लस झाल्याची खात्री करा, हिवाळ्यात आणा, आणि घरच्या कळपापासून किमान तीन आठवडे लांब वेगळ्या जागी ठेवा. त्यांचं पाणी, टोपली, खराटाही वेगळा हवा.

दात स्वतः उघडून बघा. खालच्या जबड्यात पुढं आठ दात असतात, वर पुढचे दात नसतातच. सगळे बारीक दुधाचे दात म्हणजे वर्षाच्या आतलं. मधले दोन मोठे आले की साधारण सव्वा वर्ष, चार आले की दोन वर्षांच्या आसपास, आठही आले की चारच्या पुढं. दात झिजलेली किंवा पडलेली बकरी 'दुसऱ्या वेताची' म्हणून गळ्यात मारली जाते.

चारा काय घालावा?

बकरीला गवतापेक्षा झाडपाला आवडतो, आणि खानदेशात त्याची कमी नाही. अंजनाचा पाला हे आपल्याकडचं मोठं धन आहे. उन्हाळ्यात गवत संपतं तेव्हाही अंजन हिरवा असतो. बाभळीच्या शेंगा, बोर, निंब, सुबाभूळ, शेवरी, हादगा बांधावर लावा. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा वाळलेला पाला काढणीच्या वेळीच साठवून ठेवा. केळीचा पाला चालतो, पण त्यावर पोट भरतं, अंग भरत नाही.

काही गोष्टी जीवावर बेततात. पावसानं ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर फुटलेले ज्वारीचे धुमारे विषारी असतात. तिथं सोडलेली बकरी तासाभरात लोळू लागते. नुकती फवारणी झालेल्या कपाशीत बकऱ्या जाऊ देऊ नका. सरकीची पेंड मोठ्या बकरीला थोडी चालते, करडांना बिलकूल नको. आणि लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, किंवा खळ्यावर सांडलेलं धान्य बकरीनं पोटभर खाल्लं तर पोटात आम्ल वाढून ती दुसऱ्या दिवशी मरते. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

कोणती जात रोगाला बळी पडत नाही?

अशी कोणतीच नाही. लस हवीच. पीपीआरची लस तीन ते चार महिन्यांच्या वयानंतर देतात आणि ती साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी द्या. पहिला पाऊस झाला, कोवळं गवत आलं, की कळपातलं सगळ्यात गुबगुबीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. लोक त्याला साप चावला म्हणतात, बहुतेक वेळा तो आंत्रविषार असतो. लाळ्या खुरकूत आणि घटसर्पाच्या लसींसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र करडांच्या मरणाचं. जन्मल्यावर अर्ध्या-एक तासाच्या आत चीक पाजा. वार पडेपर्यंत चीक द्यायचा नाही, ही रीत अजून काही घरांत पाळली जाते. ती सोडली नाही तर कोणतीही भारी जात आणून उपयोग नाही.

डेंग्यूत बकरीचं दूध प्यायल्यानं पेशी वाढतात का?

तसा भरवशाचा पुरावा नाही. साथीत दुधाचा भाव चढतो, पाळणाऱ्याला चार पैसे मिळतात, पण रुग्णाला दवाखान्यात न नेता दुधावर ठेवणं धोक्याचं आहे. कच्चं तर कधीच देऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा तापाचा रोग माणसाला होतो. चांगलं उकळा.

जातिवंत जनावरं आणि अनुदान कुठं मिळेल?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र चाळीसगावजवळ बिलाखेड इथं आहे. विकत घ्यायच्या आधी तिथं चक्कर मारा. शुद्ध जात दिसते कशी, हे एकदा डोळ्यांत बसलं की बाजारात फसायला होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि ५ नरांपासून ५०० माद्या आणि २५ नरांपर्यंतच्या पैदास केंद्रांना ५० टक्के भांडवली अनुदान आहे, लहान गटाला कमाल १० लाख, सर्वात मोठ्याला कमाल ५० लाख रुपये. नवख्या माणसानं अनुदानासाठी म्हणून शंभरचा गट करू नये. आधी पाच-दहा बकऱ्यांवर दोन उन्हाळे काढावेत.

बोकड विकताना अंदाजावर द्यावा की वजनावर?

वजनावर. हेडी कमरेवर हात ठेवून, पाठीचा कणा चाचपून आकडा सांगतो आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा अचूकच असतो. पण तो तुम्हाला खरा आकडा सांगत नाही. तीन-चार घरांत मिळून एक लटकता काटा घ्या आणि पोटाखालून घालायचा पट्टा शिवून घ्या. बोकड सकाळी चरायला जायच्या आधी मोजा, त्या दिवशीचा जिवंत वजनाचा किलोचा भाव दोन ठिकाणी विचारा आणि मगच बोलणीला बसा. बाईमाणसं घरी एकटी असताना सौदा करायला येणारे हेडी असतात. काटा दाराशी टांगलेला असला की तीही निर्धास्तपणे "मोजून न्या" म्हणू शकतात.